चिकूच्या खाजेचं नाव काय?

प्रिय सायली,

तुझा लांबलचक मेसेज पोचला, चिकूच्या पंजांचे फोटोही बघितले. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि शेवटी काहीच ठरत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. सावकाश वाच, निखिललाही वाचायला दे.

पुढच्या पंजांचे केस विटकरी दिसतात ते रक्त नव्हे. कुत्र्याच्या लाळेत रंगद्रव्यं असतात, सतत चाटून चाटून फिकट केसांना तो रंग चढतो. तुम्ही झोपलात की हा पठ्ठ्या अंधारात पंजे चाटत बसतो, एवढं त्यावरून नक्की कळतं. दिवसा कमी खाजवतो असं तू लिहिलंस, त्यावर फार विसंबू नकोस.

आता तुझा प्रश्न. ‘मावशी, खाजेवर चांगलं औषध कुठलं?’ नोकरीची सगळी वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या बघण्यात घालवली. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचा डोस मला विचारू नकोस. पण खाजणारी कुत्री इतकी पाहिलीत की तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही हे मी छातीठोकपणे सांगते. पिसवा झाल्या तरी कुत्रं खाजवतं, लूत लागली तरी खाजवतं, बुरशी वाढली, जेवण मानवलं नाही, धूळ सोसली नाही, तरीही तेच. त्याच्याकडे सांगायला दुसरी रीत नाही. म्हणून औषधाच्या आधी नाव हवं. दीड वर्षात चिकूच्या फाइलमध्ये ‘खाज’ याखेरीज एकही शब्द कुणी लिहिलेला नाही, हे मला जास्त खटकतं.

आणि ते इंजेक्शन. दिलं की दोन दिवसांत चिकू शांत, तीन-चार आठवडे सगळे खूश, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तू नाव कळवलं नाहीस, पण ते टिकाऊ स्टेरॉइड असणार असं वर्णनावरून वाटतं. डॉक्टरांना सरळ विचार, लिहून घे. स्टेरॉइड वाईट नसतं. भडका उडालेला असताना थोड्या दिवसांसाठी त्यासारखं काही नाही. पण ते दर महिन्याला द्यायला लागलं की कुत्रं घटाघटा पाणी पितं, घरात लघवी करतं, सतत भुकेलेलं राहतं, पोट सुटतं, कातडी पातळ होते, आणि पुढे कुशिंगसारखं हार्मोनचं दुखणं मागे लागू शकतं. ‘हल्ली रात्री दोनदा शूला उठवतो’ हे तू सहज लिहून गेलीस. मला ते वाक्य सहज वाटलं नाही. शिवाय लुतीचे किडे असतील तर स्टेरॉइडने त्यांचं फावतं, आणि बाकीच्या तपासण्याही गढूळ होतात. मात्र माझं पत्र वाचून काहीही एकदम बंद करू नकोस. विशेषतः गोळ्या चालू असतील तर त्या टप्प्याटप्प्यानेच उतरवाव्या लागतात, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

तू एक काम कर. चिकू कुठे खाजवतो ते नीट बघ. पाठीच्या खालच्या भागात, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मागे असेल तर आधी पिसवांचा संशय. कानाच्या कडा आणि कोपरं असतील तर खरूज. पंजे, काखा, जांघा, पोट, कान, तोंडाभोवतीची जागा असेल तर ॲलर्जी. फोटोंवरून चिकू तिसऱ्या गटातला दिसतो. वयही जुळतं, कारण धूळ-परागकणांची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान डोकं वर काढते, आणि लॅब्रॅडॉर तर त्यासाठी नावाजलेलेच आहेत. पण दिसतो म्हणून तसं ठरवायचं नाही. आधीच्या दोन गोष्टी खोडल्याशिवाय तिसरीवर शिक्का मारला की पैसे जातात आणि कुत्रं खाजवत राहतं.

‘पिसवा नाहीत, आम्ही पाहिलं.’ हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकायचे! पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या अंगावर पिसू पुष्कळदा सापडतच नाही, कारण तो चावून-चाटून तिला गिळून मोकळा होतो. ॲलर्जी असते तिच्या लाळेची, आणि तिला दोन-चार चावे पुरतात. शिवाय घरात जेवढ्या पिसवा असतात त्यांतल्या साधारण 5 टक्केच कुत्र्याच्या अंगावर असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष होऊन सोफ्याच्या फटीत, सतरंजीत, पलंगाखाली पडून राहतात. कोषातली पिसू महिनेच्या महिने थांबू शकते. ऊब आणि हालचाल जाणवली की बाहेर. म्हणून एकदा औषध टाकून ‘गेल्या’ म्हणता येत नाही. सलग काही महिने, आणि घरात दुसरा प्राणी असेल तर त्यालाही. एक गंमत सांगते, कुत्र्यांवर सापडणारी पिसू बहुतेक वेळा जातीने मांजराची पिसू असते. तुमच्या पार्किंगमध्ये मांजरांचा गोतावळा आहे ना?

घरच्या घरी बघायचं असेल तर उवांची बारीक फणी घे. जमिनीवर पांढरा कागद पसर, चिकूला त्यावर उभा कर आणि शेपटीच्या मुळाशी उलट्या केसांनी विंचर. काळे बारीक कण पडतील. त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकून थांब. साधी माती असेल तर पाणी मळकट होईल. कणाभोवती तांबूस कड पसरली तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे चिकूचंच पचलेलं रक्त. यासाठी डॉक्टरची फी लागत नाही. गोचीड मात्र वेगळं प्रकरण. येऊरला फिरवून आणलंस की कानांच्या आत आणि बोटांच्या मधे चाचपत जा. ती खाजेपेक्षा तापाने जास्त छळते.

लुतीसाठी कातडी खरवडावी लागते. माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं, म्हणून जरा रमते. बोथट ब्लेडला पॅराफिनचा थेंब लावायचा, चट्ट्याच्या कडेची कातडी चिमटीत दाबायची आणि किंचित रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं. नुसता वरवरचा कोंडा काढून चालत नाही, कारण डेमोडेक्स हा किडा केसाच्या मुळाशी खोल बसतो. भिंगाखाली तो विडीसारखा लांबट दिसतो, पुढच्या टोकाला आखूड आठ पाय, आणि ते हळूहळू हलत असतात. पहिल्यांदा पाहणारी पोरं हमखास दचकायची. हा आईकडून पिल्लाला दूध पिताना मिळतो, एरवी एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खरजेचा सार्कोप्टिस गोल, बुटका, आणि महाबिलंदर. असूनही काचपट्टीवर सापडत नाही. म्हणून डॉक्टर कानाची कड चिमटीत चोळतात. मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला की संशय बळावतो, आणि कित्येकदा किडा न दिसताही उपचार करून बघतात. हा माणसालाही लागतो. आपल्या अंगावर तो वस्ती करत नाही, पण खाज भरपूर देतो. तुमच्यापैकी कुणाच्या दंडावर, पोटावर पुरळ आहे का? हे मला आधी कळव.

हल्ली पिसवा, गोचीड आणि हे दोन्ही किडे यांवर एकाच कुळातल्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे ही पायरी पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. कधी आकडी आली असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगायचं, मग ते दुसरं काही देतात. गायीगुरांचं आयव्हरमेक्टिन स्वस्तात टोचून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. औषध थोर आहे, त्याच्या शोधाला 2015 चं नोबेल मिळालं. पण कोली आणि तिच्या भाऊबंदांपैकी अनेक कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जिवावर बेततं. चिकू कोली नाही हे खरं, तरी गुरांचा डोस कुत्र्याला अंदाजपंचे द्यायचा नसतोच.

पंजांना कुबट वास येतो असं तू लिहिलंस. तो मॅलसेझिया नावाच्या बुरशीचा असू शकतो. ती सगळ्याच कुत्र्यांच्या कातडीवर थोडीथोडकी असते. कातडी बिघडली, ओल मिळाली, की माजते. सोबत जिवाणूंच्या पुटकुळ्या. मूळ दुखणं कुठलंही असो, हे दोघं आगंतुक येऊन बसतातच, आणि अर्धी खाज त्यांचीच असते. पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबून, रंगवून भिंगाखाली धरली की पाच मिनिटांत कळतं. डॉक्टर क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू देतील. तो लावून घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा, मगच धुवायचा. लोक लावतात आणि लगेच बादली ओततात, मग म्हणतात गुण नाही. तुझा स्वतःचा शाम्पू त्याला नको. आपल्या कातडीचा सामू साधारण साडेपाच, कुत्र्याची कातडी त्याहून कमी आम्ल आणि बरीच पातळ. ठाण्याच्या पावसाळ्यात फिरून आलं की पंजे धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपायच्या. धुणं सगळे करतात, टिपणं कोणी करत नाही.

आता घरगुती उपाय. खोबरेल तेलाने नुकसान नाही, पण तो चाटून टाकतो आणि सोफा तुपकट होतो. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यालाही माझी हरकत नाही. पण खालच्या काकूंनी सुचवलेलं फरशीचं फिनेल आणि कुणीतरी सांगितलेलं रॉकेल? कातडी भाजते, आणि चाटलं तर विष पोटात. टी-ट्री तेलही नको. निखिलने केमिस्टकडून आणलेली ती तीन औषधं एकत्र असलेली माणसांची ट्यूब, तिच्यातही बहुधा कडक स्टेरॉइड आहे. पंजाला लावलेली ट्यूब पाचव्या मिनिटाला चिकूच्या पोटात असते.

हे सगळं निस्तरलं आणि तरी खाज राहिली, तर जेवणाची परीक्षा. ही घरातल्या माणसांचीच परीक्षा असते. कुत्र्यांत जेवणाची ॲलर्जी मुख्यतः गोमांस, दूधदुभतं, चिकन आणि गहू यांची आढळते. चिकू लहानपणापासून चिकन-भात, दहीभात आणि पोळीचे तुकडे खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त यादी त्याच्या ताटलीतच आहे. किमान आठ आठवडे त्याने कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं. तुमच्याकडे मासळी शिजत नाही, तर काटे काढलेला मासा आणि रताळं जमेल. किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं तयार खाणं, ते महाग पडतं. डॉक्टरांशी बोलून ठरवा. रक्त किंवा केस तपासून ‘कशाची ॲलर्जी’ सांगणाऱ्या चाचण्या जेवणाच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत, त्यांवर पैसे घालवू नकोस. आठ आठवड्यांनी फरक पडला तर जुनं जेवण मुद्दाम परत सुरू करायचं. खाज उलटली, बहुधा एक-दोन आठवड्यांतच, तरच सिद्ध. लोकांना ही शेवटची पायरी नकोशी वाटते, ‘आता बरा आहे ना, कशाला?’ म्हणतात. पण त्यावाचून ते माशाने बरं झालं की ऋतू पालटल्याने, हे कधी कळायचं नाही.

आणि आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. चवीची गोळी नाही, चघळायचं हाडूक नाही, वॉचमनने दिलेला वडापावचा तुकडा नाही. चहाबरोबरचं ते एक ग्लुकोज बिस्कीटही नाही, त्यात गहू आणि दूध दोन्ही असतं.

यातूनही उरली तर ती धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, परागकणांची, बुरशीच्या कणांची ॲलर्जी. तिच्यासाठी स्वतंत्र चाचणी नाही, बाकी सगळं खोडून तिथे पोचायचं असतं, म्हणून तर ही एवढी रामकथा. ती मुळासकट जात नाही, सायली. आटोक्यात राहते. अंथरूण गरम पाण्यात धुणं, आंघोळी, पिसवांचं औषध चुकू न देणं, आणि खाजेचा निरोपच अडवणारी ओक्लासिटिनिबसारखी गोळी. ती 2013 पासून वापरात आहे, वर्षाच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत, आणि देताना अधूनमधून रक्त तपासतात. कुणी ‘कायमचा बरा करून देतो’ म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पड.

आत्ताच्या डॉक्टरांकडे भिंग नसेल तर परळला जा. तिथलं जुनं प्राण्यांचं इस्पितळ, ज्याला जुने मुंबईकर अजून बैलघोडा म्हणतात, 1886 मध्ये सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला लागूनच आहे. सकाळी लवकर जा, गर्दी असते. आदल्या दिवशी आंघोळ घालू नकोस, नाहीतर काचपट्टीवर काही मिळायचं नाही. आजवरच्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, ट्यूब, बाटल्या एका पिशवीत भरून ने. एका वहीत रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असे गुण दे, बाजूला काय खाल्लं आणि कुठे फिरला ते लिही. डॉक्टर विचारतात ‘कधीपासून?’ आणि मालक म्हणतात ‘झाले बरेच दिवस’. वही असली की हा संवाद वाचतो.

बिस्किटाचं तुझ्या सासूबाईंना तू सांगू नकोस, उगाच त्यांना लागेल. रविवारी मीच त्यांना फोन करते. आमच्या गप्पांत ते बरोबर बसवते.

तुझी,
सुमामावशी