फोटोतला डोंगर

तापातून उठल्यापासून जुना अल्बम चाळते आहे. बऱ्याच फोटोंमागे ना गाव, ना तारीख. मग माणसांच्या मागचे डोंगर न्याहाळू लागले. तांबडा, सच्छिद्र जांभा दिसला की बहुधा कोकण. एकमेकांवर तोललेले ग्रॅनाइटचे गोल धोंडे म्हणजे हंपीकडचा मुलूख. आणि सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे काळे कडे म्हणजे आपला बसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार. पण असे डोंगर साताऱ्यापासून अजिंठ्यापर्यंत. गाव कसं ठरवायचं?

एका फोटोत मात्र अंगठ्यासारखा सुळका आहे. हडबीची शेंडी! म्हणजे मनमाडच. भोवतालचा खडक झिजून गेला, हा तेवढा राहिला. बाजू बदलली की त्याचा आकार बदलतो. त्यावरून फोटो काढणारा कुठे उभा होता, तेही शोधता येईल.

पुढ्यात उभी असलेली तरुण बाई कोण, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. डोंगराची ओळख पटते, माणसाची नाही, याची हुरहुर जात नाही. येवल्याच्या मावशीला फोटो पाठवलाय. तिला आता अंधुक दिसतं; तरी विचारायचंच.