बटण, बटण, बटण!

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. मला डोळ्यांनी दिसत नाही. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आई दुधाचा रतीब घालते. तिला अक्षरओळख नाही. ती सांगते, मी लक्षात ठेवतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याच स्मरणाने दगा दिला. एका घरचे पैसे मिळालेले असताना आई पुन्हा मागायला गेली आणि मान खाली घालून परतली. त्याच दिवशी ठरवले, हिशेब आता जुन्या लॅपटॉपवर ठेवायचा.

'एन.व्ही.डी.ए.' पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतले. ते फुकट मिळते आणि मराठीही बोलते. अडचण निराळीच होती. नोंदींसाठी मित्राने सुचवलेला प्रोग्रॅम दिसायला देखणा होता म्हणे. पण त्यातल्या चित्रांना नावेच नव्हती. कानावर एकच शब्द : बटण, बटण, बटण! पाटी नसलेल्या दारांपैकी आंधळ्याने कोणते ठोठवावे?

शेवटी साधे एक्सेल निवडले. बाणाच्या कळीने एकेका घरात जावे, आतला आकडा आणि घराचा क्रमांक ऐकावा. मथळे एकदा नेमून दिले, की 'नाव', 'लिटर', 'बाकी' हेही ऐकू येते.

परवा आईने विचारले, "आरं, त्या घरची बाकी किती हाय?" मी कळ दाबली. लॅपटॉपच बोलला, "शून्य." आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आता ह्यालाच इचारून जात जाईन."