फाइल कुणी केली?

कोणत्याही फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कधी तयार झाली, कधी बदलली, किती जागा घेते, सगळं दिसतं. कोणत्या प्रोग्रॅमने तयार केली, हे मात्र तिथे बहुतेक वेळा नसतं. विंडोज स्वतःहून ती नोंद फाइलसोबत ठेवतच नाही.

वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी इथल्या ऑफिसांची कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथली नेहमीची तक्रार म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरमध्ये हिशेबाच्या शीटशेजारी उगवणाऱ्या अनोळखी फायली. नाव आठ अक्षरांचं, आकडे आणि ए ते एफ या रोमन अक्षरांची सरमिसळ, एक्स्टेन्शन काहीच नाही. हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या ऑफिसात ऐन कापसाच्या हंगामात त्यांनी फोल्डर भरून गेलं होतं. "भाऊ, रोज डिलीट मारतो, रोज येते. व्हायरस होय काय?" अकाउंटंटनी विचारलं. मी आधी डिलीट करणं थांबवायला सांगितलं. ती फाइलच तर माग असते.

अशा वेळी प्रोसेस मॉनिटर लावायचा. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सच्या परंपरेतलं हे हत्यार. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी घेतली, तरी ते आजही फुकट मिळतं. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला हात लावतोय, ते त्याच क्षणी पडद्यावर येतं. ओळी मात्र धो धो पडतात, म्हणून त्या एका फोल्डरचा फिल्टर लावावा लागतो. 'क्रिएटफाइल' अशी ओळ दिसली की चोर सापडला असं वाटतं, पण जुनी फाइल नुसती उघडली तरी हीच ओळ पडते. तपशिलात 'ओपनरिझल्ट: क्रिएटेड' असेल तरच फाइल नवी. शिवाय सर्व्हरवर बघत बसलात तर प्रोग्रॅमच्या जागी नुसतं 'सिस्टम' दिसतं, कारण लिहिणारा नेटवर्कच्या पलीकडच्या टेबलावर असतो. म्हणून मी फाइलचा ओनर पाहिला, तो युजर ज्या मशीनवर बसतो तिथे गेलो आणि तिथे प्रोसेस मॉनिटर चालवला.

निघालं एक्सेल. सेव्ह करताना एक्सेल मूळ फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरी तात्पुरती फाइल करतं, सगळं तिच्यात लिहितं, जुनी बाजूला करून नवीला मूळ नाव देतं. नेमक्या त्या क्षणी अँटीव्हायरसने फाइल तपासायला धरून ठेवली, की अदलाबदल अडते आणि तात्पुरती फाइल मागे राहते. तिथे तेच होत होतं. व्हायरस नव्हताच.

नावावरून प्रोग्रॅम ओळखण्याची घाई मी करू देत नाही. मॅकॅफीच्या अँटीव्हायरसने एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरायला घेतला, तेव्हा टेम्प फोल्डरमध्ये 'एसक्यूलाइट' नावाने सुरू होणाऱ्या फायली पडू लागल्या. लोकांनी ते नाव गुगलवर शोधलं आणि एसक्यूलाइट लिहिणाऱ्यांना रात्री फोन करून झोपेतून उठवलं. शेवटी २००६ मध्ये त्यांनी नावाची अक्षरंच उलटी करून टाकली!

हाच प्रश्न आपल्या राज्यातल्या एका खटल्यात माणसांच्या स्वातंत्र्याशी येऊन भिडला. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यातली पत्रं आरोपांचा मोठा आधार ठरली. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने डिस्कची प्रत तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या म्हणण्यानुसार 'नेटवायर' या दूरनियंत्रण प्रोग्रॅममधून बावीस महिने लॅपटॉपमध्ये शिरकाव होता, दहा पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली आणि ती तिथे उघडल्याची खूण नाही. त्यांतल्या पीडीएफ वर्ड २०१० किंवा २०१३ मधून बनवलेल्या, लॅपटॉपवर मात्र वर्ड २००७. माझ्या लेखी हा मुद्दा सगळ्यांत जड आहे, कारण तो फाइलच्या नावावर किंवा तारखेवर टेकलेला नाही. नाव कुणीही देऊ शकतो, मशीनचं घड्याळ मागेपुढे करता येतं. हा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, असं म्हणत राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) न्यायालयात त्याला विरोध केला. निवाडा पुरावे तपासूनच व्हायचा आहे, आणि तो व्हावा म्हणून डिस्कची अस्सल, न बदललेली प्रत आणि तिचं हॅश मूल्य (म्हणजे तिचा आकडी ठसा) दोन्ही बाजूंना जप्तीनंतर लवकरात लवकर मिळणं मला अत्यावश्यक वाटतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य लिहावं लागतं, हे फार बरं झालं.

प्रोसेस मॉनिटरला मागचं काही दिसत नाही. तो लावल्यानंतरचंच तो सांगतो. म्हणून जिथे कागदपत्रं जोखमीची आहेत तिथे मी सिसइंटर्नल्सचंच सिसमॉन हे हत्यार बसवून ठेवतो. त्याची घटना क्रमांक ११ फाइलच्या नावासमोर ती करणाऱ्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहून ठेवते. कोणत्या फोल्डरांवर नजर ठेवायची ते आधी नीट ठरवावं लागतं आणि नोंदींची जागा वाढवावी लागते, नाहीतर महत्त्वाची ओळ शोधायला जाईपर्यंत नव्या ओळींखाली पुसली गेलेली असते.