रांगेचं गणित

उद्या खोपोलीला, इमॅजिका या करमणूक उद्यानात. भाचीची परीक्षा संपली आहे, बाकीच्या शाळांच्या अजून चालू आहेत. म्हणून मुद्दाम मंगळवार धरला. शनिवार-रविवारी मुंबई आणि पुणे दोन्ही शहरं तिथे लोटतात.

रांगेची नुसती लांबी फसवी असते. तासाला किती माणसं राइडमध्ये बसून जातात, ते बघायचं. पुढे ६०० माणसं असतील आणि तासाला ८०० जात असतील, तर पाऊण तास. तासाला २०० च जात असतील, तर तब्बल तीन तास. शिवाय सकाळी येणाऱ्यांचा लोंढा राइडच्या क्षमतेहून मोठा असतो, त्यामुळे एकदा तुंबलेली रांग दुपारभर हटत नाही. म्हणून फाटक उघडलं की आधी नायट्रो, मग राजासॉरस, या दोन राइड. फोटो नंतर. जेवण साडेअकराला, म्हणजे सगळे ताटांसाठी उभे राहतील तेव्हा आपण मोकळे. भर दुपारी मिस्टर इंडिया ही बंदिस्त राइड. आत सावली तरी मिळेल.

रांगेत उभं राहणं टाळता यावं म्हणून डिस्नेने आपल्या उद्यानांत १९९९ मध्ये फास्टपास आणला होता: चिठ्ठी घ्या, ठरल्या वेळी या. तो फुकट होता. २०२१ मध्ये तो जाऊन पैसे भरून पुढे जायची सोय आली. मला हे पटत नाही. वर्षभर साठवून एकदाच येणाऱ्या कुटुंबाचं थांबणं त्यानं वाढतं.

आईचे गुडघे दुखतात. तिला ताटकळत ठेवायचं नाही, हे सगळ्यात आधी. साडेसहाला निघायचं, एक्सप्रेसवेवरच्या ट्रकांचा भरवसा नाही.