माळावरचे दिवस : मढी ते रेहेकुरी

बुधवार, रंगपंचमी. पाथर्डी, रात्री साडेदहा

नगर–पाथर्डी बस, अर्धं तिकीट 46. मढीची जीप जाताना 40, येताना 50, यात्रेचा भाव. चहा 30. पाण्याच्या बाटल्या 80. रेवडी 60. लॉज 700, आणि नळाला पाणी नाही. बादली मागितली की अर्धी येते. निवडुंगे गावाच्या पुढे गर्दीत जीप दीड तास जागची हलली नाही.

मढीला दर्शनाच्या रांगेत उभी राहिले नाही. कानिफनाथांना गडाखालूनच हात जोडले आणि गाढवांच्या बाजारात गेले. या खेपेला आले ती त्यासाठीच. केनियातलं मसाई मारा पाहून आल्यापासून मनात होतं की आपल्या माळाकडंही एकदा तितक्याच लक्षानं बघावं, आणि आफ्रिकेच्या माळावरून आलेला जुना पाहुणा आपल्याकडं कोण, तर गाढव.

काठेवाडी गाढव उंच, पांढरट. त्याला भाव. गावठी ठेंगणं, राखाडी, खांद्यावरून आडवी काळी रेघ. दात बघून सौदा होतो. दोन दात आले की दुवान, चार आले की चौवान. एका वडार गृहस्थांनी माझ्यादेखत एक मादी घेतली. तोंड उघडून पाहिलं, पायांवरून हात फिरवला, चार पावलं चालवून पाहिली. उन्हाळ्यात पाण्याचं कसं करता, असं मी विचारलं.

‘‘हिला एक दिस न्हाई मिळालं तरी उभी ऱ्हाती, ताई. पर एकदा का तोंड लावलं, की बादली खाली केल्याबिगर मान वर न्हाई करायची.’’

बरोबर सांगत होते ते. गाढवाच्या अंगातलं पाणी वजनाच्या पाव हिश्शाएवढं घटलं तरी ते तग धरतं आणि पाणी दिसलं की ती तूट काही मिनिटांत भरून काढतं. याच्या निम्म्या तुटीत माणसाचा जीव धोक्यात येतो. हे बळ त्याच्या पूर्वजाचं, म्हणजे ईशान्य आफ्रिकेतल्या रानगाढवाचं. माणसानं त्याला पाळलं ते सुमारे 7 हजार वर्षांपूर्वी. तिथं चारा इतका विरळ की घट्ट कळप करून राहिलं तर सगळेच उपाशी राहतील. म्हणून रानगाढवं पांगून राहतात आणि नर आपापला मुलूख धरून असतो. पांगलेल्यांना एकमेकांचा ठावठिकाणा लागावा म्हणून आवाज तसा लांब पल्ल्याचा. संकट दिसलं की घोडा उधळतो, गाढव थांबून अंदाज घेतं. त्या थांबण्याला आपण हट्ट म्हणतो आणि पाठीत काठी घालतो. आज बाजारात पाठीवर व्रण नसलेलं जनावर शोधावं लागत होतं. त्याचे रानातले भाऊबंद इथिओपिया आणि एरिट्रियात मोजकेच उरलेत, आणि इथं हजारोंच्या कष्टावर वीटभट्ट्या चालल्या, घाट बांधले गेले. त्याला निदान जखमेवर औषध आणि दुपारी सावली मिळावी. जास्त काय मागतेय मी?

पाय सुजलेत. झोपते.

गुरुवार. पाथर्डी

चहा 20, वृद्धेश्वरपर्यंत जीप 60, पाणी 60, लॉज 700. पाणी आजही नाही.

सकाळ गर्भगिरीच्या उतारावर गेली. कुसळी गवत वाळून कडक झालंय. सलवारीत, मोज्यांत, पिशवीच्या पट्ट्यात सगळीकडं कुसळं. मात्र ते गवत आपलं काम चोख करतं. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या वळण्यात बी मातीत शिरत जातं. वरून वणवा गेला तरी बी खाली सुखरूप. हेच गवत पूर्व आफ्रिकेतही आहे. आपली बाभूळ तिथं आहे, हिंगणबेटही आहे. बाभळीचा काटा पायात गेला तेव्हा केनियातला एक प्रयोग आठवला. तिथं काही बाभळी कुंपण घालून जिराफ-हत्तींपासून वाचवल्या, तर पुढं येणारे काटे आखूड होत गेले. काटा वाढवायलाही झाडाला खर्च येतो. खाणारा नसेल तर ते तो करत नाही.

संध्याकाळी टपरीवर बिबट्याचा विषय निघाला आणि बाकावरची माणसं गप्प झाली. 2020 च्या ऑक्टोबरात याच तालुक्यात बिबट्यानं तीन लहान मुलं नेली. ते दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. ज्या घरातलं लेकरू गेलं तिथं रानाच्या गोष्टी सांगायला माझं तोंड उघडणार नाही. तरी लिहायला हवं. बिबट्याइतकं जुळवून घेणारं मोठं मांजर दुसरं नाही. आफ्रिकेत सिंह आणि तरस शिकार हिसकावतात म्हणून तो ती झाडावर ओढून नेतो. आपल्या जिल्ह्यात सिंह नाही, पण बागायती पट्ट्यात मैलोन् मैल ऊस आहे. उसात लपायला जागा, गारवा, जवळच कुत्री आणि डुकरं. तो तिथंच वितो. एक पकडून दुसरीकडं सोडला तर त्याच्या जागी दुसरा येतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात आणखी बिथरतो. वस्तीवर उजेड हवा, संडास घराला लागून हवा, गोठा बंद हवा, नुकसानीचे पैसे वेळेवर हवेत. टपरीवरच्या एका म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, ‘‘लाईट दिसाची कवा देणार ते सांगा.’’ शेताला पाणी द्यायला माणूस रात्रीच्या अंधारात जातो, कारण वीज तेव्हा येते. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शुक्रवार. कर्जत

पाथर्डी–नगर 46. नगर–कर्जत 66. पाणी 40. केळी 30. रिक्षा 80. लॉज 600.

नगरला दोन तास बसून. मिरजगावच्या अलीकडं रस्त्याचं काम, आणखी पाऊण तास. करंजी घाटात समोरून ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर येत होते. भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं वर. पाडव्याला घर गाठायचंय त्यांना.

डोकं दुखतंय. कुसळं अजून निघालेली नाहीत.

शनिवार. कर्जत

रिक्षा जाऊन-येऊन 500, घासाघीस करून.

रेहेकुरी अभयारण्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा उजाडत होतं. आत शिरून थोडं चालले आणि मोकळ्या जागेत काळवीट उभा दिसला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पीळ पडलेली शिंगं मानेवर टेकलेली. लेंड्यांच्या जुन्या ढिगाशी तो पुन्हा पुन्हा येत होता. डोळ्यांपुढच्या ग्रंथीतला वास काडीला पुसत होता. माद्या चरत चरत दूर गेल्या तरी गडी जागा सोडेना. तो माद्यांच्या मागं फिरत नाही, भुई धरून असतो, आणि माद्या तिथून जातील तेव्हा त्याचं नशीब. तोवर खाणं कमी, उघड्यावर उभं राहणं जास्त. तो काळा रंग दिवसाउजेडी लांडग्यालाही दिसतोच. इतकं सोसून उभा राहू शकतो तोच धडधाकट, याची मादीला ती खूण असावी.

एक पाडस मला दिसलंच नाही. बरोबरच्या वनमजुरानं बोट दाखवलं तरी गवतच दिसत होतं. मग कान हलला. आई दूर चरत होती. मुद्दामच. तिचा वास पाडसाजवळ राहू नये म्हणून ती पाजण्यापुरती येते. मारा-सेरेंगेटीत विल्डबीस्टची रीत अगदी उलटी. तिथं तेरा लाखांच्या आसपास जनावरं, आणि बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांत एकदम वितात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईमागं धावतं. सिंह, तरस खाऊन खाऊन किती खातील? उरलेली जगतात. लपणं ही एक तऱ्हा, गर्दी करणं ही दुसरी.

तिथं गवताचीही वाटणी आहे. आधी झेब्रे येतात आणि उंच, जाड काड्या खातात. मागून विल्डबीस्ट येतं, खालचं पानं असलेलं गवत खातं. त्यामागून छोटी गझेल, तिला बुडाशी फुटलेले कोवळे कोंब. एकानं खाल्ल्याशिवाय दुसऱ्याला वाट होत नाही. रेहेकुरीत गवत खाणारं मोठं रानजनावर काळवीटच. त्याला आखूड गवत हवं, कारण त्याची सगळी मदार लांबवर बघण्यावर आणि पळण्यावर. ताशी 80 किलोमीटरच्या घरात जाणारा हा वेग ज्याच्या धाकानं घडला तो चित्ता आपण संपवला. 1952 मध्ये तो देशातून गेल्याचं जाहीर झालं. त्याआधीच आपल्याकडचे इतके कमी झाले होते की कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आणले तेव्हा मला आनंद झाला होता, आजही आहे. पण पैसा आणि लक्ष तिकडं जाताना इथला लांडगा कुणाला दिसत नाही, हेही खरं.

1980 मध्ये झालेलं हे अभयारण्य 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763. पाऊस हुकला की विल्डबीस्ट ढगांच्या मागं शेकडो किलोमीटर चालत जातं. इथला कळप निघाला की पहिल्या बांधापलीकडं हरभरा असतो. हद्दीला लागून शेत असलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, ‘‘मारावं वाटत न्हाई हो. देवाचं जनावर. पण रातभर राखण करायची, तर दिवसा कामाला कोण जाणार?’’ पंचनामा होईपर्यंत पीक वाळून जातं, हेही त्यांनीच सांगितलं. काळवीट वाचवल्याचं श्रेय सगळ्यांनी घ्यायचं आणि खर्च एकट्या त्या बाईंनी करायचा, हे मला पटत नाही.

रविवार. कर्जत

आज सगळा दिवस उघड्या माळावर. दुपारी उन्हात एक चिंकारा, एकटी, बोरीच्या झुडपाला तोंड लावून. शेपटी सारखी हलती. काळविटाला पाणी लागतं, चिंकारा पानांतल्या ओलाव्यावर आणि दवावर बरेच दिवस काढते. ती आफ्रिकेतल्या गझेलांच्याच कुळातली. पूर्व आफ्रिकेच्या रुक्ष भागात काही झुडपांची पानं दिवसा हातात चुरतात इतकी कोरडी असतात आणि रात्री हवेतली ओल शोषून घेतात. तिथली हरणं ती रात्रीच खातात. ओरिक्स तर घाम गाळून पाणी घालवण्याऐवजी अंग 45 अंशांपर्यंत तापू देतं. नाकावाटे गार झालेल्या रक्तानं मेंदूकडं जाणारं रक्त थंड होतं, म्हणून डोकं शाबूत राहतं. मी मात्र दोन वाजता हिवराखाली आडवी झाले.

तिथंच धनगरांचं बिऱ्हाड उतरलेलं होतं. आजीबाईंनी विचारलं, ‘‘कुणाची गं तू? जेवलीस का?’’ उत्तराची वाट न बघता भाकरी थापायला घेतली. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, वर तेलाची धार, कांदा बुक्कीनं फोडलेला. शेंगोळ्यांत लसूण-मिरचीचा असा ठसका की नाकातोंडातून पाणी आलं. आणखी वाढा म्हणायची लाज वाटली, पण त्यांनी वाढलंच. इतकं चांगलं जेवण या प्रवासात झालं नव्हतं. पैसे काढले तेव्हा माझा हात त्यांनी मिटून टाकला.

लांडग्याचं विचारलं. वाघरीची जाळी दाखवत म्हणाल्या, ‘‘येतो की. परवा कोकरू नेलं. त्यालाबी पोरं हाईत. आमची कुत्री हाईत, आम्ही जागं हाओत. त्याचा घास त्यो घेतो. पर आता त्याला ऱ्हायाला जागा कुठं? बिळाच्या जागी जेसीबी आला.’’ नातू म्हणाला, परवाच्या कोकराचे पैसे कुणी देत नाही, आजीला काय जातंय बोलायला. ती म्हणाली, ‘‘तू गप. मेंढरं तुझ्या आज्ज्यानं राखली तवाबी लांडगं व्हतं.’’ दोघांचंही खरं होतं. नातवाला पैसे मिळायला हवेत, म्हणजे आजीचं म्हणणं टिकेल.

लांडगा दिसला नाही. पाऊल दिसलं, ओढ्याच्या वाळूत.

सोमवार. कर्जत

काल फिरले त्या माळाच्या दुसऱ्या अंगाला ओळीनं खड्डे खणलेले. झाडं लावायचीत. मला वाईट वाटलं, रागही आला. झाडं लावणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, पण हा माळ म्हणजे कुणी तोडून टाकलेलं जंगल नव्हे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी 2025 मध्ये लीळाचरित्रासारखं जुनं मराठी वाङ्मय आणि लोककथा चाळून त्यांतल्या वनस्पतींची नोंद मांडली. त्यांतल्या बऱ्याच उघड्या गवताळ रानातल्या निघाल्या. सातशे-आठशे वर्षांपूर्वीही इथं असाच माळ होता. गवताची मुळं खोल जातात, कार्बन मातीत साठवतात, पाऊस जिरवतात. त्यावर दाट झाडी उभी केली तर चिंकारा, खोकड, लांडगा कुठं जातील?

आणि माळढोक. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. झाडी वाढली की तिथं ती फिरकत नाही. 1979 चं माळढोक अभयारण्य सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून 8,496 चौरस किलोमीटर होतं. गावंच्या गावं आणि शहरंही त्यात आली, लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार अवघड झाले आणि पक्ष्यावर राग धरला गेला. पुढं ते 1,222 वर आणलं. आता देशभरात माळढोक दीडशेच्या आत, बहुतेक राजस्थानात. मारात त्याचा भाऊबंद कोरी मी गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. तिथला वाटाड्या त्याच्याकडं वळूनही बघत नव्हता, इतका तो रोजचा.

खड्डे खणणाऱ्या बायांशी बोलले. रोजगार हमीचं काम, त्यांना ते हवंच आहे. मग तेच हात वेडी बाभूळ उपटायला आणि पवन्या-मारवेलाचं बी पेरायला का लावू नयेत? मजुरी तीच राहील. हे लिहून उद्या तालुक्याच्या कचेरीत देणार आहे. अर्जाची प्रत पुढच्या भागात छापायला सांगेन.

अर्ज दिला की सोलापूरची गाडी, तिथून माळढोक अभयारण्यातलं नान्नज.

(क्रमशः)