रानभाज्यांच्या टोपल्यांचं देणं

चित्रकला शिकत होते तेव्हा आमच्यापुढे बाटल्या, कापडाच्या घड्या आणि प्लॅस्टिकची फळं मांडलेली असत. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, एवढं तिथे शिकले. पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागले, तरी झाडझाडोरा म्हणजे चित्राची मागची जागा भरायची हिरवाई, इतकीच माझी समज होती. ती बदलली मुरबाडकडच्या ठाकर आणि कातकरी बायांनी. रानभाज्यांची जी काही चित्रं आज माझ्या हातून होतात, ती त्यांच्या टोपल्यांमुळे.

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. अशाच एका महोत्सवाला मैत्रिणीच्या आग्रहाने गेले. सागाच्या पानांवर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी, बांबूचे कोंब मांडलेले. पलीकडे शिजवलेल्या भाज्या आणि नाचणीच्या भाकरी. मला सगळा हिरवा रंग एकच दिसत होता. हातातली वही पाहून एका मावशींनी टाकळ्याची जुडी पुढे केली. म्हणाल्या, "काढायचा तर कवळा काढ बाय. फुलावर आला का कोन खात नाय." कंटोळीच्या वेलात नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा, नराच्या वेलाला फूल येतं, फळ धरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग सागाचं कोवळं पान त्यांनी माझ्या तळहातावर चोळलं. हात लालभडक झाला. रंग ट्यूबमधूनच येतो असं मानणाऱ्या मला तो मोठा धडा होता.

शेवळं ही रानभाजी दिसली नाही म्हणून विचारलं, तर हसल्या. "ती आता कुठली? पयल्या पावसात ये."

पुढच्या जूनमध्ये त्यांच्या पाड्यावर गेले. मातीतून वर आलेले जांभळट तपकिरी कोंब मावशींनी टोपलीतून काढले. बाहेरचं आवरण सोललं, आतला दाणेदार भाग कापून बाजूला टाकला, उरलेलं बारीक चिरलं. सोबत काकडाच्या झाडाची आंबट फळं घेतली. ती नसली तर घशाला खाज सुटते. शेवळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. पण काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशासोबत शिजवायचं, हे त्या हातांना आधीच ठाऊक होतं.

मी कोंब रेखाटत होते. शेजारी पानासाठी जागा सोडलेली पाहून मावशी म्हणाल्या, "फूल येतं तवा पान नसतं, पान येतं तवा फूल नसतं. दोघांची गाठ नाय पडत." कंद एकच, आधी त्यातून फूल येतं, ते सरल्यावर पान. मग मी दोन वेगळे कागद घेतले, एक जूनचा आणि एक ऑगस्टचा, आणि दोन्हींच्या तळाशी तोच कंद काढला. सुंदर दिसावं म्हणून चित्र रचायची माझी सवय तिथून मोडू लागली. रोप कोणत्या महिन्यात कसं असतं, त्यातलं काय खातात, काय टाकतात, हे आधी विचारायचं आणि मग पेन्सिल उचलायची, ही शिस्त मला त्या अंगणात लागली.

पुढे ती चित्रं महोत्सवात टेबलांमागे टांगली. शहरातून आलेली माणसं चित्रापाशी थांबत आणि मावशी त्यांना समजावून सांगत. त्या बोलू लागल्या की माझं चित्र पुरं होई. आजही कच्चं रेखाटन आधी त्यांनाच दाखवते. देठाचा बाक, पानाची लव, मुळाशी असलेली माती, सगळं त्या बारकाईने पाहतात आणि चुकलं तर स्पष्ट सांगतात. त्यांना विचारून, ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्यांची नावं मी चित्राखाली लिहिते. त्याने ऋण फिटत नाही, फक्त कबूल होतं.

वाचकांना एकच विनंती. रानभाजी महोत्सवाला जाल तेव्हा जुडीच्या भावासाठी घासाघीस करू नका. भाजी निवडायची कशी, शिजवायची कशी, हे विकणाऱ्या बाईलाच विचारा. आणि त्यावरून चित्र, फोटो किंवा लेख केलात, तर कोणी सांगितलं ते तिच्या परवानगीने अवश्य लिहा.