पत्र्याखालचा हिवाळा

पावसाळ्यापूर्वी आपण घराची कौले चाळतो, गळक्या जागा बुजवतो. दिवाळीच्या तोंडावर भिंतींना रंग देतो. थंडीसाठी म्हणून मात्र घराकडे कोणी पाहत नाही. पेटीतल्या गोधड्या दोन दिवस उन्हात टाकल्या, की आपली हिवाळ्याची तयारी संपते. घरालाही पांघरूण लागते, ही गोष्ट आपल्या हिशेबातच नसते.

महाराष्ट्रात थंडी ती काय, असे मुंबईकडील वाचकांना वाटेल. त्यांनी पौषातील एक पहाट आमच्या निफाड तालुक्यात काढावी. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी पारा ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. थंडीची लाट आली, की आमच्याकडील शेतकरी द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून मध्यरात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे वेलींना विहिरीचे पाणी सोडतो. कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार असते. बागेची ही काळजी योग्यच आहे. परंतु त्याच रात्री त्या घरातील म्हातारे माणूस कोठे निजले आहे, हे मी गेली अनेक वर्षे विचारत आलो आहे, आणि उत्तर बहुधा एकच मिळते: पडवीत, पत्र्याखाली.

याचे कारण निष्ठुरपणा नव्हे. घर वाढते तसे स्लॅबच्या नव्या खोल्यांत मुले-नातवंडे जातात आणि वडीलधारे आपल्या जुन्या जागी राहतात. माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. वय पंचाहत्तरच्या पुढे, रक्तदाबाची गोळी नियमित. दसऱ्याच्या सुमारास दाब १३० च्या आसपास असे. जानेवारीत सूनबाई घरी सकाळी मोजत, तो १६० च्या वर. जेवण तेच, गोळी तीच. त्यांच्या घरी गेलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. बाहेर ८ अंश होते आणि त्यांच्या उशाशी ९. भिंतीपलीकडच्या स्लॅबच्या खोलीत त्याच वेळी १६ अंश होते. "बाबा, आत का झोपत नाही?" असे विचारले, तर म्हणाले, "डॉक्टर, इथून गोठा दिसतो. आत जीव गुदमरतो."

अशा वेळी शरीरात काय घडते, ते थोडक्यात सांगतो. गारठा लागला की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतील ऊब जपण्यासाठी. वाहिन्या आकसल्या की दाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका थंड हवेने आवळतात. त्यातच वय वाढले की थंडीची जाणीवच बोथट होते. म्हणून "मला थंडी वाजत नाही" या आजी-आजोबांच्या वाक्यावर फार विसंबू नये. तान्ह्या बाळाची गोष्ट याहून नाजूक. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने त्याची ऊब झपाट्याने जाते, आणि नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडत नाही. बाळाचे पोट गरम पण तळपाय गार लागले, तर त्याला थंडी बाधते आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावे, डोक्यावर टोपडे घालावे, वरून दोघांना पांघरूण घ्यावे. पोटही गार लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. तसेच छातीशी धरून दवाखाना गाठावा.

आता घराकडे वळू. घर थंडी अडवते की नाही, हे ओळखायला इंजिनीअर लागत नाही. सर्वांत मोठी खूण तुम्ही वैशाखातच पाहिलेली असते: ज्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी बसवत नाही, त्याच खोलीत डिसेंबरच्या पहाटे झोपवत नाही. पातळ पत्रा दिवसा उन्हाची उष्णता खाली सोडतो आणि रात्री निरभ्र आकाशाकडे घरातील ऊब फेकून देतो. कित्येकदा तो भोवतालच्या हवेहूनही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतील अंगाने थेंब ठिबकतात, अंथरूण ओलसर लागते, ते दव घरातल्याच श्वासांच्या वाफेचे असते. त्या ओलीने भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली असेल, तर घरातील मुलाचा खोकला औषधाने का थांबत नाही, याचेही उत्तर तेथे असू शकते. (छपराविषयी बोलणे हे डॉक्टरचे काम नव्हे, असे माझे एक मित्र म्हणतात. खोकल्याच्या बाटल्या लिहून देणे तेवढे आमचे काम, असे मला अद्याप वाटत नाही.)

खात्री करायची असेल, तर खोलीचे तापमान दाखविणारे साधे थर्मामीटर आणावे आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या उशाशी टांगावे. पहाटे पाच-सहा वाजता आत आणि बाहेर किती अंश आहेत, ते आठवडाभर लिहून ठेवावे. आत-बाहेर दोन-तीन अंशांचाच फरक असेल, तर ते घर नव्हे, मांडव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानाच्या प्रदेशांसाठी घरातील किमान १८ अंश सुरक्षित मानले. आपल्याकडील प्रत्येक घराला हे जमेलच असे नाही. पण आजारी, म्हातारे किंवा तान्हे माणूस १५ च्या खाली निजत असेल, तर मी त्या घराला उपाय सुचवतो. फटी शोधायला उदबत्ती पुरते: वारा असेल तेव्हा ती खिडकीपाशी, दाराखाली आणि पत्रा भिंतीवर टेकतो त्या जागी धरावी. धूर सरळ वर न जाता आडवा पळाला, की थंडीची वाट सापडली.

उपाय खर्चिक नसतात. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटयांचे आढे केले, की मधली कोंडलेली हवा पांघरुणाचे काम करते, आणि हा खर्च उन्हाळ्यातही वसूल होतो. पत्र्याला चुना मारणे उन्हासाठी चांगले. थंडीत त्याचा उपयोग नाही. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो झपाट्याने पेट घेतो. चुलीजवळ तो नकोच. जुनी माळवदाची घरे जाड मातीमुळे ऊब धरीत. ती पाडून पत्रा टाकताना आपण काय घालवले, हे कोणी मोजले नाही. फरशीवर निजणाऱ्यांनी अंगावर तिसरी गोधडी घेण्यापेक्षा ती अंगाखाली घालावी. खाटेवर निजणे त्याहून बरे.

मात्र फटी बुजवा म्हणजे घर हवाबंद करा असे नव्हे. चुलीचा धूर आणि श्वासांची वाफ जाण्यासाठी वरच्या अंगाला एक झरोका मोकळा हवाच. आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही निजू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. निजलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

त्या आजोबांच्या बाबतीत आम्ही तडजोड केली. दिवसा पडवी त्यांची. मार्गशीर्षापासून महाशिवरात्रीपर्यंत रात्री खाट आत, गोठ्याकडच्या खिडकीशेजारी. महिनाभरात सकाळचा दाब १४० च्या आत आला आणि गोळी वाढवावी लागली नाही. (हे वाचून स्वतःची गोळी कोणी कमी करू नये, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.) पुढच्या वर्षी मुलाने पडवीलाही चटयांचे आढे करून घेतले. ते काम कार्तिकातच उरकले, हे बरे झाले. पौष लागला की गावात बागेच्या कामाखेरीज कशालाही माणूस मिळत नाही.